उभ्या ट्रकला मागून धडक, भावाचा पाय गेला आणि गुन्हाही त्याच्यावरच: भरपाईचा दावा करता येईल का?

वेण्णाकाठची:

नमस्कार. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे आणि घरात कायद्याची माहिती असलेले कोणीही नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

भावाचे वय ३३ वर्षे. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात त्याचा फॅब्रिकेशनचा स्वतःचा लहानसा व्यवसाय आहे. ग्रिल, दरवाजे, गोठ्यांचे आणि गोदामांचे पत्र्याचे शेड अशी कामे तो घेतो. शिरवळकडचे काम संपवून रात्री अकराच्या सुमारास तो पुणे-सातारा महामार्गावरून मोटारसायकलने घरी येत असताना सर्वांत डावीकडच्या लेनमध्ये एक चौदा चाकी ट्रक बंद पडून उभा होता. ट्रकचा टायर फुटला होता, मागचे दिवे बंद होते, धोक्याचा लाल त्रिकोण ठेवलेला नव्हता आणि एरवी चालक रस्त्यावर झाडाची फांदी किंवा दगड ठेवतात, तेवढेही कोणी केलेले नव्हते. समोरून विरुद्ध दिशेच्या गाड्यांचा झोत डोळ्यांवर आला आणि ट्रक दिसेपर्यंत धडक बसली. भावाच्या डोक्यावर हेल्मेट होते म्हणून जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तो अतिदक्षता विभागात असतानाच पोलिसांनी ट्रकचालकाच्या सांगण्यावरून गुन्हा नोंदवला आणि आरोपी म्हणून भावाचेच नाव घातले. ‘मागून धडक देणाऱ्याचीच चूक असते’ एवढेच उत्तर आम्हांला मिळाले. त्यानंतर ट्रान्सपोर्टचा एक माणूस येऊन गेला. पन्नास हजार रुपये रोख घ्या आणि आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही असे स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, असे तो म्हणतो. रुग्णालयात आणखी एक जण भेटला. आपण वकिलांकडून आलो आहोत, दावा मोफत चालवू, मिळेल त्यातले पंचवीस टक्के आमचे, असे सांगून त्याने कोरे वकीलपत्र आणि सही केलेले दोन धनादेश मागितले. ट्रक गुजरात पासिंगचा आहे. अपघाताला आता पाचवा महिना चालू आहे.

भावावरच गुन्हा असताना दावा करता येतो का? तो गुजरातमध्ये जाऊन करावा लागेल का? आणि त्या पन्नास हजारांचे काय करावे? आई रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसते.

न्यायपथ:

ताई, मोटार अपघात दाव्यांचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो, त्यामुळे सर्वांत निकडीची गोष्ट आधी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेला आहे; परंतु अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणीही थांबू नये. पाचवा महिना चालू आहे म्हणजे तुमच्या हातात थोडेच दिवस आहेत. कागदपत्रे अपुरी असली तरी अर्ज दाखल होतो, कागद नंतर जोडता येतात.

गुजरातला जाण्याची गरज नाही. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो तिथे किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे, यांपैकी कोठेही दावा करण्याची मुभा कलम १६६(२) देते. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तुमचा दावा चालेल. ट्रकचा मालक, चालक आणि विमा कंपनी या तिघांना प्रतिवादी करावे. ट्रकच्या क्रमांकावरून विमा कंपनी कोणती, विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, फिटनेस आणि परमिट होते का, हे एम-परिवहन ॲपवर बरेचसे समजते. शिवाय कलम १६० नुसार ही माहिती अर्जदाराला देणे पोलिसांवर आणि परिवहन कार्यालयावर बंधनकारक आहे, म्हणून ती लेखी अर्ज देऊन मागावी.

आता गुन्ह्याविषयी. प्रथम खबर (एफआयआर) ही केवळ खबर असते, तो निवाडा नव्हे. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. न्यायाधिकरणात मात्र दोन्ही बाजूंचा पुरावा पाहून अधिक शक्य काय वाटते, यावर निष्काळजीपणा ठरतो. भावाचे नाव आरोपी म्हणून असल्याने काम अवघड होते, हे मी लपवणार नाही, कारण विमा कंपनी पहिले बोट त्याच कागदावर ठेवेल. पण तेवढ्याने दावा संपत नाही. महामार्गावर दिव्याविना ट्रक उभा ठेवणे हाच निष्काळजीपणा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०९ नुसार वाहन रस्त्यावर उभे असतानाही त्याचे पार्किंगचे दिवे चालू राहिले पाहिजेत, आणि इतरांना धोका होईल अशा स्थितीत वाहन सोडण्यास कायद्याच्या कलम १२२ ने मनाई केली आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल तुमच्या वकिलांच्या हाती असले पाहिजेत. अर्चित सैनी विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०१८ च्या प्रकरणात गॅसचा टँकर दिव्याविना रस्त्यात उभा होता आणि समोरच्या वाहनाच्या झोतामुळे मोटारचालकाला तो दिसला नाही. चालकाचा दोष नाही, हा न्यायाधिकरणाचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. सुषमा विरुद्ध नितीन गणपती रंगोळे या सप्टेंबर २०२४ च्या निकालात महामार्गावर सोडून दिलेल्या चौदा चाकी ट्रेलरवर मोटार आदळली होती. खालच्या न्यायालयांनी मोटारचालकाला निम्मा दोष देऊन भरपाई निम्म्याने कापली होती, ती कपात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तुमच्या भावाच्या प्रकरणातील वर्णन या दोन्ही निकालांच्या फार जवळ जाते. मात्र प्रत्येक निकाल त्या त्या जागेच्या वस्तुस्थितीवर उभा असतो, त्यामुळे ‘ट्रक उभा होता म्हणजे आपण जिंकलो’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. रात्र होती, दिवे नव्हते, ट्रक लेनमध्ये होता, या तिन्ही गोष्टी पुराव्याने उभ्या कराव्या लागतील.

उभे वाहन ‘वापरात’ नव्हते, असा बचाव कधी कधी घेतला जातो. तो टिकत नाही. १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यातच, याच महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन कलंडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता; त्या शिवाजी दयानू पाटील प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहन थांबलेले असले तरी ते वापरातच होते, असे ठरवले.

एक धोक्याची सूचना. फौजदारी न्यायालयात भावाला बोलावणे आले की ‘गुन्हा कबूल करा, किरकोळ दंड भरा आणि मोकळे व्हा’ असा सल्ला कोणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. ती कबुली दाव्यात पहिल्या पानावर लागते. उलट आत्ताच ट्रकचालकाविरुद्ध लेखी तक्रार द्या. सार्वजनिक रस्त्यावर धोका निर्माण करण्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २८५ आहे. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तरीही दखल न घेतल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

जुना सर्व्हेअर:

मी एका सरकारी विमा कंपनीत अपघात दाव्यांच्या विभागात होतो आणि आता निवृत्त आहे. कंपनी काय पाहते, हे आतून पाहिलेले असल्यामुळे लिहितो.

फाईल आली की आम्ही घटनास्थळाचा पंचनामा आधी वाचत असू. ट्रक साइडपट्टीवर होता की लेनमध्ये, मागचे दिवे चालू होते का, रस्त्यावर घसरल्याच्या खुणा किती लांब होत्या, जवळ पथदिवे होते का. पंचनाम्यात ‘दिवे बंद’ हे दोन शब्द असतील तर कंपनीचा वकीलही तडजोडीची भाषा बोलू लागतो. ते नसतील तर पर्यायी पुरावा शोधावा लागतो आणि तो फार लवकर नष्ट होतो. महामार्गावर १०३३ या क्रमांकावर कोणी फोन केला असल्यास त्याची आणि गस्तीच्या गाडीची नोंद असते. त्या ट्रकने आधीचा टोलनाका किती वाजता ओलांडला, हे फास्टॅगच्या नोंदीवरून कळते. त्यावरून ट्रक तिथे किती वेळ बेवारस उभा असू शकेल, याचा अंदाज बांधता येतो. टोलनाक्यावरचे आणि शेजारच्या ढाब्याचे किंवा पेट्रोलपंपाचे कॅमेऱ्यातले चित्रण काही आठवड्यांतच पुसले जाते. पाचव्या महिन्यात ते मिळण्याची शक्यता कमी आहे, तरीही ते जपून ठेवण्याची मागणी आजच नोंदणीकृत टपालाने पाठवा. टोलच्या व्यवहारांची नोंद चित्रणापेक्षा अधिक काळ राहते आणि ती न्यायाधिकरणामार्फत मागवता येते.

ट्रकचा विमा चालू असेल, पण चालकाचा परवाना योग्य नसेल किंवा परमिट नसेल, तर कंपनी हात वर करते. त्या वेळी घाबरू नये. स्वरणसिंग प्रकरणातील २००४ च्या निकालापासून न्यायालये अशा प्रकरणांत कंपनीला आधी जखमीला पैसे देण्याचा आणि मग ते ट्रकमालकाकडून वसूल करण्याचा आदेश देत आली आहेत. परमिट नसलेल्या ट्रकच्या बाबतीतही अमृतपाल सिंग प्रकरणात २०१८ मध्ये हाच मार्ग घेतला गेला.

पन्नास हजारांविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते घेऊ नयेत आणि त्या कागदावर सही तर मुळीच करू नये. तसा कागद दिला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, पण ‘आमची तक्रार नाही’ हे वाक्य उलटतपासणीत जखमीच्या तोंडावर फेकले जाते. ट्रान्सपोर्टवाल्याला स्वतःच्या खिशातून पैसे द्यायची घाई का असते, याचाही विचार करा. मृत्यू झाला नसला तरी पाय गेलेल्या तेहतीस वर्षांच्या कमावत्या माणसाची भरपाई लाखांत जाते आणि विम्यात त्रुटी असेल तर ती शेवटी त्याच्याच गळ्यात येते.

आणखी एक गोष्ट बहुतेक कुटुंबांना कोणी सांगत नाही. मोटारसायकल भावाच्याच नावावर आहे का आणि तिच्या विम्यात मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले आहे का, ते पॉलिसीच्या कागदावर पाहा. असल्यास एक पाय गमावल्याबद्दल त्यातून निम्मी रक्कम, म्हणजे साडेसात लाख रुपये मिळतात. त्यासाठी चूक कोणाची, हा प्रश्नच येत नाही. फक्त वाहन चालवण्याचा वैध परवाना हवा. ट्रकविरुद्धच्या दाव्याशी याचा संबंध नाही, दोन्ही स्वतंत्रपणे चालतात. कंपनीला आजच लेखी कळवा, उशीर का झाला ते लिहा आणि रुग्णालयाचे कागद सोबत जोडा.

रुग्णमित्र:

मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते. ताई, भावाच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात का, हे पासबुकात पाहा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असते आणि एक पाय गमावल्यास तिच्यातून एक लाख रुपये मिळतात. सातबाऱ्यावर कुटुंबातील कोणाचे नाव असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेविषयी तालुका कृषी कार्यालयात विचारावे. अर्जाच्या मुदती कमी असतात, पण रुग्ण अतिदक्षता विभागात होता हे लिहून अर्ज करायला काहीच हरकत नाही.

वकिलाच्या नावाने रुग्णालयात फिरणाऱ्या माणसाला कोरे वकीलपत्र आणि धनादेश देऊ नका. निकालातल्या रकमेत वाटा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. मी अशा सह्या केलेली कुटुंबे पाहिली आहेत. रक्कम खात्यात आली तरी घरापर्यंत पूर्ण पोचत नाही आणि दावा कोणत्या न्यायालयात आहे, हेही त्यांना ठाऊक नसते.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तुमचा भाऊ आता दिव्यांग या नात्याने स्वतःच पात्र ठरतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, अशी समजूत लोकांत आहे. माझा अनुभव तसा नाही, मात्र तारखेला स्वतः हजर राहून पाठपुरावा करावा लागतो.

वैद्यकीय बाजूने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मंडळाकडूनच घ्यावे, कारण बाहेरून आणलेली तयार प्रमाणपत्रे न्यायाधिकरण संशयाने पाहते. दुसरे म्हणजे कृत्रिम पाय. तो एकदा बसवून आयुष्यभर पुरत नाही. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, सैल होते, लायनर, म्हणजे आतले मऊ आवरण, फाटतो, काही वर्षांनी पायच बदलावा लागतो. कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडून आजची किंमत, वार्षिक दुरुस्ती आणि बदलण्याचा कालावधी यांचे लेखी अंदाजपत्रक घ्या. मोहम्मद साबीर प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम पायाचा पुढचा खर्च आणि देखभाल भरपाईत धरली आहे, पण ती मागणी अर्जात आकड्यांसह असावी लागते. भाऊ कामावर उभा राहायला उत्सुक असेल, तर जखम पूर्ण भरण्याआधी घाईने पाय बसवू देऊ नका, एवढे मात्र जरूर पाहा.

वेण्णाकाठची:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मोटारसायकल भावाच्याच नावावर आहे आणि परवानाही आहे. पॉलिसी शोधली तर त्यात वैयक्तिक अपघात संरक्षणाचा हप्ता भरलेला दिसतो. आज अर्ज दिला.

दोन अडचणी राहतात. भाऊ गुंगीत असताना पोलिसांनी त्याचा जबाब घेतला आहे आणि त्यात काय लिहिले, हे त्यालाही आठवत नाही. मात्र मदतीला धावलेल्या एका टेम्पोचालकाने मोबाईलवर काढलेले फोटो मिळाले. त्यांत ट्रकचा मागचा भाग पूर्ण अंधारात आहे आणि पाठीमागच्या परावर्तक पट्ट्या चिखलाने माखलेल्या स्पष्ट दिसतात. दुसरी अडचण उत्पन्नाची. भाऊ आयकर विवरणपत्र भरत नव्हता. महिन्याला साधारण वीस हजार सुटत, पण ते सिद्ध कसे करणार?

न्यायपथ:

ताई, ते फोटो म्हणजे तुमच्या दाव्याचा कणा आहे. टेम्पोचालकाला विनंती करून मूळ फोन आणि त्यातली मूळ फाईल जपून ठेवायला सांगा. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या प्रतीत वेळेची नोंद राहत नाही. त्यांचे नाव साक्षीदार म्हणून अर्जात द्या आणि पोलीस अधीक्षकांकडे द्यायच्या तक्रारीतही लिहा. जबाबाची प्रत मागवा. त्या दिवशी भावाला कोणती औषधे दिली होती आणि तो शुद्धीवर होता का, हे रुग्णालयाच्या नोंदवहीत असते. त्या पानांच्या साक्षांकित प्रती घेतल्या की गुंगीतल्या जबाबाचे वजन उरत नाही. भाऊ मद्य प्यालेला नव्हता, हेही दाखल करतानाच्या वैद्यकीय नोंदीवरून दाखवता येते. तो मुद्दा विरुद्ध बाजूने निघायच्या आधीच आपण मांडलेला बरा.

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि जखमीला त्याचे हक्क सांगणारा नमुना दहा दिवसांत द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात याची अंमलबजावणी करण्याचे निर्देश दिलेले आहेत. तुम्हांला तो नमुना मिळालेला दिसत नाही. न्यायाधिकरणाच्या कार्यालयात जाऊन अहवाल आला आहे का, ते पाहा. पण तो आला असला तरी आपला स्वतंत्र अर्ज थांबवू नका, कारण त्या अहवालात भावालाच दोषी धरलेले असण्याची शक्यता आहे.

उत्पन्नासाठी विवरणपत्र हाच एकमेव पुरावा नाही. भावाने लोखंडी पाइप, पत्रे, वेल्डिंग रॉड ज्या दुकानातून घेतले त्यांची बिले, बँकेत आणि यूपीआयवर ग्राहकांकडून आलेले पैसे, कोटेशनची वही, उद्यम नोंदणी असल्यास ती, आणि ज्यांचे शेड त्याने बांधले अशा दोन ग्राहकांची साक्ष, एवढ्यावर न्यायाधिकरण वाजवी उत्पन्न धरू शकते. ते धरले की हिशेब असा होतो. वय चाळीसच्या आत आणि व्यवसाय स्वतःचा म्हणून भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे महिना २८,००० आणि वर्षाला ३,३६,०००. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यानुसार ३१ ते ३५ वयासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ आहे, म्हणजे ५३,७६,०००. या आकड्याला कमाईची क्षमता किती टक्के गेली, त्याने गुणायचे.

खरी लढाई त्या टक्क्याची आहे. समजा वैद्यकीय मंडळाने ४० टक्के दिव्यांगत्व लिहिले, तर कंपनी म्हणेल की कमाईची हानीही ४० टक्केच, म्हणजे २१,५०,४००. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०११ च्या निकालाने शरीराची टक्केवारी आणि कमाईची टक्केवारी वेगळी केली आहे. डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची किंवा चालकाची मात्र जवळजवळ सगळी कमाई जाते, हे उदाहरण त्याच निकालात आहे. तुमचा भाऊ शिडीवर चढून शेडच्या छपराच्या कैचीवर (लोखंडी चौकटीवर) उभा राहून वेल्डिंग करत होता. ते काम आता त्याला करता येणार नाही, जमिनीवरचे ग्रिलचे काम काही प्रमाणात येईल. कमाईची हानी ६० टक्के धरली गेली तरी रक्कम ३२,२५,६०० होते, म्हणजे पावणेअकरा लाखांचा फरक पडतो. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घ्यावी आणि भाऊ कोणते काम कसे करत होता, याचे जुने फोटो ग्राहकांकडून गोळा करावेत. उपचाराचा खर्च, बुडालेले महिने, कृत्रिम पाय, वेदना आणि आयुष्यातील सुख गमावणे या बाबी याखेरीज वेगळ्या मागायच्या. व्याज साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मिळते.

जुना सर्व्हेअर:

न्यायपथ यांच्या लिहिण्यात एवढीच भर घालतो. दावा चालू असताना राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येईल. प्रस्ताव वाईटच असतो असे नाही आणि अनेक वर्षांची वाट वाचते, परंतु लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून मंडळाचे प्रमाणपत्र आणि कृत्रिम पायाचे अंदाजपत्रक हाती येईपर्यंत कोणत्याही आकड्याला होकार देऊ नका. वर मांडलेला हिशेब एका कागदावर लिहून सोबत न्या आणि समोरच्या अधिकाऱ्याला विचारा की त्याने कमाईची हानी किती टक्के धरली आहे.

वेण्णाकाठची:

उद्या सकाळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात भावाचे आधारकार्ड, डिस्चार्ज कार्ड, प्रथम खबरीची प्रत आणि फोटो घेऊन जात आहे. टेम्पोचालक साक्ष द्यायला तयार आहेत. ट्रान्सपोर्टच्या माणसाला नकार कळवला आहे. अर्ज दाखल झाला की क्रमांक इथे लिहीन.